ध्वज चढण्याआधी गंगेच्या नावावर थोडं पाणी लिहा

प्रति,
सिंहस्थाची कामं, गोदाघाटाचे आराखडे आणि गंगापूर धरणाच्या पाण्याचा हिशेब ज्यांच्या सहीने पुढे सरकतो, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना,

स. न. वि. वि.

मी जुन्या नाशकातला दुकानदार आहे. भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आंदोलन हा माझा पिंड नाही, कोर्टकचेरीची ऐपत नाही, आणि कुठल्या समितीवर मला कुणी बोलावणारही नाही. तरी लिहायला बसलो, कारण दोन तारखा एकमेकींना चिकटून आल्या आहेत. 31 ऑक्टोबर 2026 ला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात सिंहस्थाचा ध्वज चढणार. त्याच्या सोळा दिवस आधी, 15 ऑक्टोबरला, दरवर्षीप्रमाणे धरणातला साठा मोजला जाणार. मग बैठका होतील आणि पाण्याची वाटणी ठरेल: पिण्याला किती, शेतीला किती, कारखान्यांना किती, बाष्पीभवनात किती जाणार. ध्वजाच्या तारखेची धावपळ सगळ्या शहराला दिसते आहे. दुसऱ्या तारखेकडे कुणाचं लक्ष नाही. माझं म्हणणं त्या दुसऱ्या तारखेबद्दल आहे.

वाटणीच्या तक्त्यात एक ओळ नदीच्या नावाची घाला. एवढंच मागणं आहे. बाकी पत्रात जे आहे ते या मागणीचं कारण समजा.

आम्ही जुने नाशिककर गोदावरी म्हणत नाही. गंगेवर जाऊन येतो, गंगेला पूर आला, गंगेवर बाजार भरला, असंच बोलतो. त्यामागची कथा तुम्हाला मी सांगायला नको. गौतमांवर गोहत्येचं बालंट आलं, ब्रह्मगिरीवर तप झालं, शंकराच्या जटेतून गंगा उतरली, पण ती ठरेना; दिसायची आणि गुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी कुश टाकून तिला अडवलं, ते कुशावर्त. आजही ब्रह्मगिरीच्या अंगावर, गंगाद्वारी ती बोटभर धारेत दिसते. खाली गावात आली की परत गुप्त होते. यात चमत्कार काही नाही. त्र्यंबकेश्वरात नदीच्या पात्रावर स्लॅब टाकलेला आहे आणि त्यावरून माणसं, गाड्या जातात. हरित लवादापर्यंत हे प्रकरण गेलेलं आहे. जिच्या दर्शनाला मुलूख लोटतो ती नदी आपण उगमालाच झाकली. डोंगराच्या पायथ्याशी जेसीबी लागतात, त्यावर दर दोन-चार वर्षांनी आरडाओरड होते, काम थांबतं, परत कुठेतरी सुरू होतं. पाणी मुरायची जागाच खरवडून काढली तर गंगाद्वारीची धार किती वर्षं टिकेल, हे भूजलवाल्यांना विचारा.

पुढे काश्यपी, गौतमी आणि गंगापूर ही धरणं. 1965 च्या सुमाराला गंगापूरचं मातीचं धरण पूर्ण झालं आणि नाशिकची गंगा खरं तर तिथेच बदलली. त्याआधी ती डोंगरातून यायची, आता दरवाजातून येते. याबद्दल माझी तक्रार नाही. त्या धरणाचं पाणी पिऊनच आम्ही वाढलो. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पावसाळा सरला की शहरातून जे पाणी वाहतं, ते नदीचं म्हणून कुणी सोडलेलं नसतं. खालच्या भागासाठी आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडायचं पाणी, निघालं तर ते वाटेने जाताना रामकुंडाला भेटून जातं. आवर्तन बंद झालं की पात्र थांबतं. जे तक्ते मी आजवर पेपरात वाचले, त्यांत सगळ्यांचे रकाने होते. नदी त्यात कुठेच नव्हती.

सणाला मात्र आपण पाणी राखतो. 2015 च्या सिंहस्थात पर्वण्यांसाठी गंगापूरमधून पाणी सोडलं गेलं. त्या वर्षी राज्यात दुष्काळ होता, उच्च न्यायालयात याचिका गेली आणि न्यायालयाने सरकारला खडे सवाल केले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, रामकुंड कोरडं पडलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला कुंडात टँकरने पाणी ओतायची वेळ आली. बाहेरगावची माणसं हातात अस्थींचा कलश घेऊन पायऱ्यांवर उभी होती आणि गुरुजी त्यांना काय सांगत असतील, देव जाणे. आधीच्या सप्टेंबरात लाखोंनी जिथे डुबकी मारली, तिथे सात महिन्यांत तळ दिसला.

यंदा वेळ जास्त कठीण आहे, ती कशी ते बघा. पर्वण्या पावसाळ्यात आहेत, ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. तेव्हा वरुणराजाची कृपा असली तर पाण्याची चिंता नाही, उलट जास्तीचीच असेल. पण सिंहस्थ तीन पर्वण्यांपुरता नसतो. ध्वज 2026 च्या ऑक्टोबरात चढतो तो 2028 च्या जुलैत उतरतो. मध्ये दोन पूर्ण उन्हाळे आहेत. बारा वर्षांतून एकदा उघडणारं गंगा-गोदावरीचं मंदिर याच काळात उघडं असतं. भाविक मार्चमध्येही येणार, मे महिन्यातही येणार. त्यांना तुम्ही काय दाखवणार? नवा घाट?

दुकानदार माणूस, आकडे मांडल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून हिशेब केला. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर ते जून, म्हणजे 240 दिवस धरा. नदीत सतत 20 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 20 घनफूट पाणी सोडलं, तर सेकंदाला साडेपाचशे लिटरच्या वर. दिवसाला 17 लाख 28 हजार घनफूट. आठ महिन्यांचे साधारण 415 दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाची क्षमता 5630 दशलक्ष घनफूट धरतात. म्हणजे सव्वासात-साडेसात टक्के. वीसच का, दहा का नाही, तीस का नाही, ते ठरवायला तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत. नदीत किमान किती पाणी राहिलं म्हणजे ती जिवंत राहते, याचं शास्त्र आहे, आणि ते मला येत नाही. पण आकडा शून्य असू नये, हे कळायला शास्त्र लागत नाही.

आणि हे काही मी हवेत बोलत नाही. 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत लिहिलेलं आहे की नदीच्या प्रवाहाचा काही भाग तिच्या स्वतःच्या गरजेसाठी राखून ठेवावा. उत्तरेतल्या गंगेसाठी तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये अधिसूचनाच काढली. वरच्या भागात, देवप्रयाग ते हरिद्वार, नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के आणि उरलेल्या महिन्यांत 25 टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे, असं त्यात आहे. धरणं, बंधारे चालवणाऱ्यांना ते बंधनकारक आहे. तिथे ते कितपत पाळलं जातं यावर वाद घाला, पण कागदावर नदीचं नाव तरी आलं. दक्षिणगंगा म्हणून आपण आरत्या करतो, मग दक्षिणेला वेगळा न्याय कशाला?

आता तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत. पहिलं उत्तर, पिण्याचं पाणी आधी. मान्य. शंभर टक्के मान्य. दुष्काळाच्या वर्षी पिण्यालाच पुरत नसेल तर नदीने आपला वाटा सोडावा, असं त्या ओळीखालीच लिहा. पण ज्या वर्षी धरण भरून वाहतं, त्या वर्षीही तिच्या नावावर काही नाही, त्याचं काय?

दुसरं उत्तर, मराठवाड्याचं पाणी. 15 ऑक्टोबरला पैठणचं जायकवाडी धरण 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि मग नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा अशी दरवेळची भांडणं लागतात. माझं म्हणणं, नदीत सोडलेलं पाणी जाणार तरी कुठे? उतार पैठणकडेच आहे. काही पाणी एकदम सोडायच्या ऐवजी आठ महिने बारीक धारेने सोडा. इंजिनिअर सांगतील की हळू सोडलेलं पाणी वाटेतच मुरतं, पोचत नाही. खरं आहे. पण मुरून ते काठच्या विहिरींतच जाणार ना? निफाडच्या शेतकऱ्याला विचारून बघा त्याला चालेल का.

तर हे झालं वरून काय येत नाही त्याचं. वरून येत नाही म्हणून नदी रिकामी राहते असं थोडंच आहे? बाजूने येतं ते भरपूर आहे.

आनंदवलीच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात जाऊन उभं राहा. पाणवेलींचा हिरवागार गालिचा, त्यावर बगळे चालतात. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, काय सुंदर! पाणवेल साचलेल्या, घाण पोसलेल्या पाण्यातच अशी माजते. यंत्राने काढता, काठावर ढीग लावता, पंधरवड्यात परत तेवढीच. त्याच अंगाला सातपूरकडून चिखली नाला येऊन मिळतो. जुन्या गावात सरस्वती नाला आहे. एके काळी तो ओढा होता, त्याच्या नावातच ते आहे. आता तो घरांखालून, रस्त्याखालून जातो आणि दिसतो फक्त धो-धो पाऊस पडला की. तेव्हा धरणातून थेंब सोडलेला नसतो तरी दहीपुलावर आणि सराफ बाजारात गुडघाभर पाणी होतं. पलीकडे पंचवटीत वाघाडी. पुराणात वरुणा म्हणतात ती हीच. अरुणा आणि वरुणा गोदेला मिळतात म्हणून त्या जागेला एवढं माहात्म्य. अरुणा तर कधीच जमिनीखाली गेली. वाघाडी उघडी आहे, पण तिच्या तोंडाशी दोन मिनिटं नाक न धरता उभं राहून दाखवा. अलीकडच्या काठाला नासर्डीचं नाव बदलून नंदिनी केलं, ते चांगलं केलं. पाणीही बदललं असतं तर नाव शोभलं असतं.

मलजल शुद्धीकरण केंद्रं आहेत, हे मला माहीत आहे. तपोवनात आहे, आगरटाकळीला आहे, चेहेडी, पंचकला आहे. पण जुनी केंद्रं ज्या निकषावर बांधली तो बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 30 चा होता आणि आता अपेक्षा 10 ची आहे. हा बदल कागदावर होऊन वर्षं लोटली. तपोवनाच्या खाली पाण्यावर पांढरा फेस तरंगताना बघितलाय मी. कपिला संगमाशी जिथे लोक लक्ष्मणरेषा बघायला येतात, तिथून फार लांब नाही ते. लहान मुलं फेस बघून खूश होतात. ते पाणी पुढे जातं कुठे? नांदूर मध्यमेश्वरला. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून त्याचा जगात मान झाला. थंडीत परदेशातून पक्षी येतात आणि आमचं सांडपाणी पाहुणचाराला असतं. पुढे पैठण, पुढे नांदेडचा गुरुद्वारा, मग तेलंगण, आंध्र. 1465 किलोमीटरची नदी. नाशिक म्हणजे तिच्या प्रवासातलं पहिलं मोठं शहर. पहिल्याच मुक्कामाला आपण असं वागवतो.

आता घाटाबद्दल. इथे जरा सविस्तर बोलू द्या, कारण तुमचा बहुतेक पैसा इथेच दिसतो.

रामकुंड 1696 मध्ये खटावच्या चित्रराव खटावकरांनी बांधलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्यानंतर पेशवाईत, होळकरांच्या काळात, सरदारांनी, सावकारांनी एकेक कुंड, एकेक घाट बांधत नेला. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, गोपिकाबाईचा तास, दशाश्वमेध. माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई इथेच गंगापुरात राहायच्या. ही नुसती आंघोळीची हौदं नव्हती. नदी आटली तरी कुंडात झऱ्याचं पाणी राहावं, अशी ती बेतलेली होती. तळ खडकाचा, दगडाच्या सांध्यांतून पाझर यायचा. मे महिन्यात धार तुटली तरी कुंडात पाणी असायचं, ते त्यामुळे. 2002-03 मध्ये सिंहस्थाच्या तयारीत पात्रात आणि कुंडांत काँक्रीट ओतलं. हेतू चांगला होता: चिखल नको, पाय घसरायला नकोत, गर्दी मावावी. झालं काय, झरे गाडले गेले. कुंडाचा हौद झाला. हौदात पाणी बाहेरून भरावं लागतं, आणि नाही भरलं तर 2016 होतं.

काही नाशिककर यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 2012 मध्ये नदीच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. काँक्रीटविरुद्धची लढाई वेगळी चालली. पुढे काही कुंडांतलं काँक्रीट फोडलं गेलं, आणि खाली झरे जिवंत असल्याचं दिसलं. तुम्ही इंजिनिअर असाल तर ही बातमी तुमच्यासाठी सगळ्यात मोठी असायला हवी होती. ज्याला आपण मेलं समजून वर सिमेंट ओतलं ते खाली वीस वर्षं श्वास घेत होतं! मला वाटलं होतं, आता सगळी कुंडं मोकळी होणार. पण काम अर्ध्यावर राहिलं, आणि दुसरीकडे स्मार्ट सिटीच्या कामात जुन्या घाटाच्या दगडी पायऱ्या आणि पात्र ओलांडायचा दगडी सांडवा उखडल्यावरून गावात वादळ उठलं. जुना काळा बेसॉल्टचा दगड. शे-दोनशे वर्षं पाऊल पडून मध्यभागी खळगा झालेला. त्या खळग्यात पाय बरोबर बसतो, म्हणून म्हातारी माणसं ओल्या पायरीवरून घसरत नाहीत. नव्या मशीनकट फरशीवर ती काठी टेकत उतरतात. आमच्याकडे म्हण आहे तशी, जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाही. मी विकतो ती भांडीही आता मशीनवरच होतात. पण ज्या कारागिराला जुना दगड का तसा आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या हाती तो उखडायचं कंत्राट देऊ नये.

या कामांकडे बघितलं की मला धंद्यातली गोष्ट आठवते. गिऱ्हाईक कधी कधी पितळेचं पातेलं घेऊन येतं, बाहेरून चिंच लावून लखलखीत घासलेलं. आत बघावं तर कल्हई उडालेली. त्यात आमटी ठेवली की कळकणार. मी सांगतो, बाहेरचं राहू दे, आधी आत कल्हई करून घ्या. ते म्हणतात, पण पाहुणे येणार आहेत.

साबरमतीचं उदाहरण प्रत्येक बैठकीत निघतं म्हणून एक वाक्य. अहमदाबादेत काठ सुंदर झाला यात शंका नाही, पण तिथे जे पाणी भरलेलं दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं आहे. आपल्याला उसनी नर्मदा कोण देणार आहे?

पुराचं बोलतो, कारण ते भांडीबाजारात, सराफ बाजारात आम्हाला रोजच्या जगण्यातलं आहे. पावसाळ्यात नाशिककर क्युसेकचे आकडे मोबाइलवर बघतात खरे, पण आमचा भरवसा दुतोंड्या मारुतीवर, पात्रात उभ्या असलेल्या मूर्तीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं तर चहा प्यायला वेळ आहे. कमरेला लागलं की खालच्या फळीवरचा माल वर. छातीला लागलं की शटर ओढून घरी. डोक्यावरून गेलं आणि नारोशंकराच्या घंटेकडे सरकलं की मग आजोबांच्या काळातल्या, 1969 च्या पुराच्या गोष्टी निघतात. 2008 ला हे झालं, 2016 ला झालं, 2019 ला झालं. हे सांगण्याचं कारण असं, की पूर येणारच. नदी आपलं पात्र विसरत नाही. मग पात्रात नवीन भिंती, नवे चबुतरे, नवी उद्यानं, नवे वाहनतळ उभारून तिची वाट तुम्ही अरुंद का करता? गोदाकाठी करोडोंची उद्यानं झाली आणि पुराने त्यांची कशी वाट लावली, ते सगळ्या शहराने पाहिलं. पुराची निळी रेषा, लाल रेषा आखलेली आहे. ती नकाशावर आहे, जमिनीवर नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, प्रत्येक घाटावर दगडात ती रेषा कोरा, म्हणजे परवानगी देणाऱ्यालाही दिसेल आणि घर घेणाऱ्यालाही.

काझी गढीची माणसं दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसतात, कडा ढासळत असतो. त्याच टेकाडावर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि नाशिकचा दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास थराथराने बाहेर काढला. हे शहर किती जुनं आहे याचा तो पुरावा, आणि नदी त्याला खालून खाते आहे. सुशोभीकरणाच्या एखाद्या आराखड्यात या कड्याला आणि तिथल्या गरीब वस्तीला जागा मिळाली का, ते मी शोधतो आहे.

काठ कुणाचा, हा प्रश्नही सिंहस्थाच्या घाईत मागे पडतो. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं काळाराम मंदिराकडे निघाली. दारं बंद होती. मिरवणूक तिथून वळली ती गोदेच्या घाटावर आली आणि तिथेच सभा झाली. देवाचं दार बंद झालं तेव्हा त्या माणसांना बसायला नदीकाठ होता. आज गौरी पटांगणावर, घाटाच्या पायऱ्यांवर बुधवारचा बाजार भरतो, बाया धुणी धुतात, पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात, दशक्रियेला आलेली माणसं मुंडण करून उघडी बसतात. या सगळ्यांना बाजूला सारून तिथे दिव्यांची माळ, सेल्फीचा कोपरा आणि तिकिटाची खिडकी लावायची असेल, तर तो घाट दुसऱ्या कुणाचा तरी होईल. तपोवनात साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा शहरातली माणसं, ज्यांचा एरवी राजकारणाशी संबंध नाही अशी, झाडांना मिठी मारायला गेली. साधूंना विरोध नव्हता कुणाचा. ज्याचं नावच तपोवन, तिथे झाडावर खुणा केलेल्या बघून माणसं हलली, एवढंच.

चांगलं झालं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. गणेशोत्सवात मूर्तीसंकलनाची व्यवस्था आता खरोखर चालते, आणि घरोघरची माणसं मूर्ती दान करतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे कुणाला पटलं नसतं. निर्माल्याचे कलश लोक वापरतात. सफाई कामगार पहाटे घाट झाडतात, त्यांचं काम पर्वणीच्या दिवशीच नाही, रोज दिसतं. 1895 चा व्हिक्टोरिया पूल, आजचा अहिल्याबाई होळकर पूल, अजून उभा आहे आणि वापरात आहे. म्हणजे टिकाऊ काम आपल्या गावात होत नाही असं नाही.

एक दुकानातलं सांगतो. आमच्याकडे तांब्याची छोटी गडवी सगळ्यात जास्त खपते, झाकण डाखून बंद करता येते ती. बाहेरगावचे लोक गंगेचं पाणी भरून घरी देवघरात ठेवायला नेतात. मुलगी सासरी असेल तर तिच्यासाठी एक, शेजाऱ्यांसाठी दोन. पूर्वी लोक गडवी घेऊन थेट रामकुंडाकडे चालू लागायचे. हल्ली थांबून विचारतात. मागच्या उन्हाळ्यात सोलापूरकडच्या एक बाई होत्या, सोबत सून. गडवी हातात फिरवत म्हणाल्या, “दादा, इथलंच भरू की त्र्यंबकला जाऊन भरू?” सून मध्येच म्हणाली, “आत्या, तिकडे पण तसंच असेल.” मी काय सांगणार होतो? मी गडवीला कागद गुंडाळला आणि म्हणालो, सकाळी लवकर जा. ते काही उत्तर नव्हतं, त्यांनाही कळलं.

तेव्हा मागणं परत सांगतो, या वेळी थोडं खुलाशाने. 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून जो तक्ता होईल, त्यात ‘गोदावरी नदी, किमान प्रवाह’ अशी ओळ घाला आणि तिच्यापुढे एक आकडा लिहा. तो आकडा कसा काढला ते सांगा. ते पाणी खाली पोचतं का हे मोजायला होळकर पुलाजवळ मोजपट्टी बसवा आणि रोजचा आकडा लोकांना दिसेल असा ठेवा. पुराचा विसर्ग तासातासाला कळवता तसाच उन्हाळ्याचाही कळू द्या. उरलेल्या कुंडांतलं काँक्रीट काढायचं काम, जिथे थांबलं तिथून, ध्वज चढायच्या आधी सुरू करा. संपलं नाही तरी चालेल. उघडं पडलेलं एक कुंड, तळातून झरा येतोय असं, हे भाविकांना दाखवायला दहा कमानींपेक्षा मोठं आहे. आणि वाघाडी, चिखली, सरस्वती, या तिघींचं सांडपाणी नदीत पडायच्या आधी अडवून केंद्राकडे वळवल्याशिवाय घाटावर नव्या दगडाची एकही फरशी बसवू नका. हे शेवटचं तुम्हाला आवडणार नाही, कारण फरशीचं उद्घाटन करता येतं, गटाराच्या पाइपाचं येत नाही.

उत्तर पाठवायचं असेल तर लेखी पाठवा. बैठकीला बोलावलंत तर येईन. सकाळी अकराच्या आत ठेवा, नंतर गिऱ्हाईक असतं.

कळावे,
आपला,
भांडीबाजारातला एक दुकानदार, जुने नाशिक

ता. क. घाटावर नवे विजेचे खांब लावाल, तेव्हा त्यांचे जोडणीचे डबे दुतोंड्या मारुतीच्या खांद्याच्या वर येतील असे ठेवा. कमरेपर्यंत पाणी बहुतेक पावसाळ्यांत येतंच, आणि घाटावर रात्री झोपणारी माणसं असतात.